गोगलगाय नि पोटात पाय

आंबा घाटाचा पाऊस मलकापुरात उतरला की गोगलगाय उंबऱ्याशी येते. यंदा मात्र तिने आमच्या माशांच्या काचपेटीतच बिऱ्हाड केले! विकत आणलेल्या पाणवेलीच्या पानामागे खळीसारखा पारदर्शक ठिपका होता. तोच तिचा पाळणा. एका ठिपक्यात कित्येक अंडी. आठवडा-दोन आठवड्यांत पिले बाहेर! या जातीत नर-मादी एकाच देही, त्यामुळे एकटी आली तरी वंश वाढतो.

शेजारचे तात्या म्हणाले, "चिमूटभर मोरचूद टाका." मी हात जोडले. मोरचुदाने गोगलगायी मरतात खऱ्या, पण त्यातले तांबे माशांनाही बाधते. शिवाय मेलेल्या गोगलगायी कुजून पाणी नासते.

त्यापेक्षा पत्त्याच्या जुन्या पानाने अंडी खरवडून काढावीत. रात्री काकडीची चकती सोडावी आणि सकाळी जमलेल्या मंडळींसह उचलावी. मात्र ती ओढ्या-नदीत टाकू नये. नवी पाणवेल तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवून, स्वच्छ धुऊन मगच पेटीत लावावी.

आणि मुख्य पथ्य मुलांसाठी : मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाणे घालावे. तळाशी उरलेल्या अन्नावरच हा गोतावळा पोसतो. पंगत आवरली, की पाहुणेही आवरतात!