बोंडू मातीत का घालायचा?

काजूचा सीझन भरात आहे. सकाळी बागेत पाय टाकला की आंबूस वास येतो. बऱ्याच जणांना तो वास ओळखीचा म्हणून आवडतो, मला मात्र हल्ली तो फुकट गेलेल्या मालाचा वास वाटतो. एक किलो बीमागे सहा ते आठ किलो बोंडू पडतो. टनभर बी काढणारा माणूस सहा-आठ टन फळ मातीत घालतो आणि वर बीला दर नाही म्हणून रडतो. दराचं रडणं खोटं नाही, मीही त्यात आहे. पण फळाचं काय?

सीमेपलीकडे गोव्यात हाच बोंडू म्हणजे वसंताचा सण. कोळमीत तुडवायचा, वजन ठेवून नीरो काढायचा, बाकीचा रस आंबवून भाटीवर चढवायचा. पहिल्या धारेचा तो उराक. तो मार्चपासून पावसाआधीपर्यंतच मिळतो, म्हणून लोक त्याची वाट बघतात. घरी ग्लासात उराक, लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिंबाचा सोडा, झालं त्यांचं कॉकटेल. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी, आणि गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाड तेच, माती जवळपास तीच. फरक इतकाच की त्यांनी फळाला फळ मानलं आणि आपण त्याला बीचं देठ समजलो. (वनस्पतिशास्त्राने पाहिलं तर ते खरोखर फुगलेलं देठच आहे, पण चव शास्त्र वाचून येत नाही.)

आता लगेच कुणी घरी भाटी लावायचा विचार करू नका. आपल्या राज्यात परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे आणि मी त्याची वकिली करत नाही. माझं म्हणणं मिश्रणाबद्दल आहे. ते दारूशिवायही फक्कड होतं.

बोंडू घशाला खवखवतो, ही सगळ्यांची तक्रार. तो टॅनिनचा गुण, आणि त्यावर उपाय घरातच आहे, साबुदाणा. झाडावरचा किंवा त्याच सकाळी पडलेला, न फुटलेला बोंडू घ्या. बी हाताने पिळून काढा, कोयत्याने कापू नका. टरफलातलं तेल रसात गेलं तर तोंड भाजेल. धुवून, ठेचून, फडक्यातून पिळा. भांडं स्टीलचं, लोखंडाचं नको, रस काळा पडतो. लिटरला पाच ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून खळ करा, निवली की रसात ढवळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळ खाली बसलेला असतो. वरचा नितळ रस अलगद ओतून घ्या. खवखव बरीच जाते. आणि जुने कपडे घाला, हा डाग धोब्यालाही निघत नाही.

मग ग्लास भरायचा. शंभर मिली नितळ रस, अर्धं लिंबू, चमचाभर आल्याचा रस, दोन चमचे साखर, आणि गेल्या साली घातलेलं कोकमाचं आगळ चमचाभर. आगळ खारं असतं, वेगळं मीठ नको. वर गार पाणी किंवा सोडा. गोवेकरांची मिरची इथेही चालते, मला तर तिच्याशिवाय आवडतच नाही. कोकमं अजून झाडावर हिरवी असतात तेव्हा बोंडू संपत आलेला असतो, म्हणून आगळ गेल्या सालचंच लागतं. बरणीच्या तळाशी राहिलेल्या आगळाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. अननस असेल तर दोन फोडी ठेचून घाला, मग साखर कमी.

एक सांभाळा. ताजा रस बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवू नका. उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबायला लागतो, बाटली फुटते. त्याच दिवशी संपवा, नाहीतर साखर घालून गरम करून सिरप करा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण कैरीचं पन्हं देतो, ते हवंच. पण त्याच्या शेजारी बोंडूचा एक जग ठेवायला कुणाची हरकत आहे? काजूच्या पट्ट्यातल्या लग्नात मांडवाखाली बाटलीतलं रंगीत पाणी वाटलं जातं आणि मांडवामागच्या बागेत बोंडू कुजत असतो, हे मला पटत नाही. प्रक्रिया उद्योग यावा, दर मिळावा, सगळं खरं. पण जे आपण पाहुण्याच्या हातात देत नाही ते दुकानदाराने विकत घ्यावं, अशी अपेक्षा कशी करायची? बोंडू एका दिवसात खराब होतो, लांबच्या कारखान्यापर्यंत टिकत नाही. त्याची पहिली जागा घरची पडवीच.

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांनाही सांगणं आहे. जातीची शिफारस करताना तुम्ही बीचं वजन सांगता, गराचं प्रमाण सांगता. बोंडूचा रंग कळतो, वेंगुर्ला-४ चा लाल, वेंगुर्ला-७ चा पिवळा. पण रस किती, गोडी किती, खवखव किती, हे शेतकऱ्याला कलम घेताना कोण सांगतं? नवीन लागवड करणाऱ्याने घराजवळची चार झाडं तरी रसासाठी निवडावीत. पण निवडायची कशावरून?

पुढच्या क्षेत्रभेटीला येताना रिफ्रॅक्टोमीटर आणा, माझ्या बागेतल्या झाडाझाडाचा ब्रिक्स मोजू. चहा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.