जंगलाची विद्या आणि बुडालेली मजुरी

पवनी तालुक्यातील अड्याळ हे वनपरिक्षेत्राचे ठिकाण. उत्तरेकडे कोका अभयारण्य, पश्चिमेकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला. मधल्या धानाच्या बांध्यांतून आणि झुडपी रानातून वाघाची ये-जा चालते. २०१३ मध्ये नागझिऱ्याचा ‘जय’ हा वाघ असाच माणसांनी भरलेल्या मुलखातून चालत कऱ्हांडल्याला पोहोचला आणि एप्रिल २०१६ नंतर कोणाच्या दृष्टीस पडला नाही. अशा वाटांवर पहारा ठेवणारा शेवटचा माणूस बहुधा रोजंदारीवरचा मजूर असतो. त्याला शिकवावे, आणि शिकताना पोटाला द्यावे, हा विचार मात्र वनखात्याच्या प्रशिक्षणव्यवस्थेत कोठे दिसत नाही.

ही व्यवस्था वरून खाली पाहत गेल्यास विरळ होत जाते. वनक्षेत्रपालाला अठरा महिन्यांचे प्रशिक्षण मिळते आणि त्या काळात त्याचे वेतन चालू राहते. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत (स्थापना १९८२) तीन महिन्यांचा वन्यजीव व्यवस्थापनाचा अभ्यासक्रमही त्याला खुला असतो. वनरक्षकाची सोय चिखलदऱ्यासारख्या प्रशिक्षणकेंद्रांत होते. त्याखाली, वनमजुराच्या वाट्याला आले तर एखाद-दुसऱ्या दिवसाचे शिबिर येते. ज्याला शिकण्यासाठी आधाराची गरज सर्वांत कमी, त्यालाच तो सर्वांत अधिक मिळावा, हा न्याय विलक्षण म्हटला पाहिजे.

वनरक्षकाच्या भरतीला बारावी लागते. विज्ञान, गणित, भूगोल वा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावीची सवलत आहे. शिवाय पुरुषांनी पाच आणि स्त्रियांनी तीन किलोमीटर धावायचे. अर्थशास्त्राने बिबट्याचा माग कसा काढावा हे कळत नाही. पण ज्याला तो काढता येतो त्या ढिवराच्या किंवा गोंडाच्या मुलाने शाळा मध्येच सोडलेली असली, तर त्याची विद्या कोणत्याच प्रमाणपत्रात बसत नाही.

प्रशिक्षण ‘मोफत’ ठेवले म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी गावाचे पंचांग पाहावे. चैत्रात मोहफूल, वैशाखात तेंदूपान, आषाढात रोवणी. भूमिहीन घराची वर्षाची मिळकत याच थोड्या आठवड्यांत गोळा होते. तेव्हा प्रशिक्षणाला गेलेल्या तरुणाने शुल्क भरले नसले, तरी बुडालेली मजुरी हेच त्याचे शुल्क असते, आणि ते सर्वांत गरीब घराला सर्वांत जड जाते. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन मिळते. रानात शिकणाऱ्याने ते मागितले तर ती दया का ठरावी?

त्याच १९६१ साली, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या टांगानिकाच्या ज्युलियस न्येरेरे यांनी अरुशा येथील जाहीरनाम्यात वन्यजीवरक्षणासाठी पैशाबरोबर तज्ज्ञ आणि प्रशिक्षित माणसे लागतात, असे जगाला बजावले. १९६३ मध्ये किलिमांजारोच्या उतारावर म्वेका येथे आफ्रिकेतील वन्यजीव अधिकाऱ्यांसाठी महाविद्यालय निघाले. परंतु सेरेंगेटीतून मासाई पशुपालकांना त्यापूर्वीच, १९५९ मध्ये, बाहेर काढलेले होते. अधिकारी तयार झाले, पण रानातली माणसे रानाबाहेर राहिली. तो कित्ता विदर्भाने गिरवण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. प्रशिक्षित तरुण उद्या आपल्याच गावातल्या सरपण आणणाऱ्या बाईला अडवील, तो खात्याचा शिपाई होईल, अशी भीती कार्यकर्ते बोलून दाखवतात. ती निराधार नाही. म्हणूनच उमेदवाराची निवड ग्रामसभेने करावी. २००६ च्या वनाधिकार कायद्याने वन आणि वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेलाही दिला आहे. शिकून आलेल्याने तिच्यापुढे हिशेब द्यावा.

प्रशिक्षण ही चैनही नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी चाललेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्याबरोबर मजूरच चालत होते. धोका त्यांनाही तेवढाच होता.

मारुती चितमपल्ली कोईमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकले, आणि नवेगावबांधला आल्यावर माधवराव पाटील व रानातल्या आदिवासींकडून पुन्हा शिकले. त्या दुसऱ्या शाळेच्या गुरूंना खात्याने कधी गुरू म्हटले नाही. विद्यावेतनाच्या योजनेत या जाणत्यांनाही शिकवण्याचे मानधन असावे.

मागणी मोठी नाही. अड्याळसारख्या प्रत्येक वनपरिक्षेत्रातून दहा-बारा तरुण-तरुणी, किमान वेतनाइतके विद्यावेतन, मराठीतून शिक्षण, प्रथमोपचार, पंचनामा, नुकसानभरपाईचे अर्ज आणि प्राण्यांचा माग यांचा अभ्यास, आणि नंतरच्या भरतीत या प्रमाणपत्राला गुण. रोवणी आटोपल्यावर धानकापणीपर्यंत काही आठवडे हात मोकळे असतात. सप्टेंबरअखेरपर्यंत अभयारण्यांत पर्यटकांची वर्दळही नसते. पहिली तुकडी तेव्हाच बसवता येईल.