टाकीखालची जमीन, टाकीतली लाट
१/९
१६ जून १९६४. जपानमधील नीगाता शहराला ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. भूजलाने भरलेली सैल वाळू हादऱ्यांनी द्रवासारखी वागू लागली आणि चारमजली इमारती जवळजवळ अभंग अवस्थेत कलंडल्या. त्याच दिवशी पेटलेला तेलशुद्धीकरण कारखाना सुमारे दोन आठवडे जळत राहिला. #थ्रेड #इतिहास

२/९
नीगाताची आठवण आजही त्या कलंडलेल्या इमारतींच्या छायाचित्रांनी काढली जाते. जळालेल्या टाक्यांचा धडा मात्र विस्मृतीत जातो. वास्तविक तो अधिक बोचरा आहे. कारण टाकीतील द्रव भूकंपात कसा वागतो, हे तोवर कागदावर मांडले गेले होते.

३/९
१९५७ साली कॅलिफोर्नियातील अभियंता जॉर्ज हाउसनर यांनी त्याचे सोपे गणित दिले. द्रवाचे दोन भाग कल्पावेत. खालचा भाग भिंतीला जणू चिकटून तिच्याबरोबर हादरतो; वरचा संथपणे हिंदकळतो. मोठ्या टाकीत एका हेलकाव्याला कित्येक सेकंद लागतात.

४/९
खालचा भाग टाकीला उलथू पाहतो. एका बाजूची कड उचलली जाते आणि समोरच्या बाजूचा पत्रा तळाशी दाबला जाऊन बाहेर फुगतो. अभियंते या फुगवट्याला ‘हत्तीचा पाय’ म्हणतात. २७ मार्च १९६४ च्या अलास्का भूकंपात भरलेल्या टाक्यांवर तो स्पष्ट दिसला.

५/९
यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे अँकर बोल्ट. परंतु बोल्ट बल नाहीसे करत नाही, ते पायाकडे सोपवतो. पाया हलका असेल तर तोही उचलला जाईल. जोडणी चुकीची असेल तर पत्रा फाटेल. म्हणून आधी बोल्ट ताणला जावा, पत्रा शाबूत राहावा, अशी रचना करतात. पायाखालची वाळूच पातळ झाली, तर बोल्ट निरुपयोगी. तेथे जमीन घट्ट करणे किंवा खोल पाइल घेणे भाग पडते.

६/९
वरच्या भागाची कथा २६ सप्टेंबर २००३ ची. जपानच्या तोकाची किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या तोमाकोमाईत जमिनीचे संथ हेलकावे टाक्यांतील लाटांशी जुळले. एक टाकी त्याच दिवशी पेटली. दुसरीचे तरंगते छप्पर बुडाले, नाफ्था उघडा पडला आणि दोन दिवसांनी लागलेली आग सुमारे ४४ तास धुमसत होती.

७/९
हाउसनर यांच्या लेखाला तेव्हा ४६ वर्षे झाली होती, नीगाताला ३९. तरंगत्या छपरांचे नियम जपानने कडक केले ते २००५ मध्ये. उणीव ज्ञानाची नव्हती. नवा नियम नव्या टाकीला लागू होतो आणि जुनी टाकी आपल्या काळातच उभी राहते, ही खरी अडचण आहे.

८/९
भारतातही क्रम हाच. १९८४ च्या भूकंप संहितेत उंचावरील टाक्यांचा विचार होता. जमिनीवरील टाक्यांचा नव्हता. २००१ च्या भूजच्या भूकंपात कांडला बंदरातील मनोरा मऊ जमिनीवर कलला. त्यानंतर आयआयटी कानपूरने टाक्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि संहितेचा स्वतंत्र भाग २०१४ साली आला. मुंबईच्या ट्रॉम्बे-माहुल परिसरातील पहिले दोन तेलशुद्धीकरण कारखाने १९५४ आणि १९५५ चे, म्हणजे हाउसनर यांच्या लेखाच्याही आधीचे.

९/९
जुनी टाकी असुरक्षितच, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ती कोणत्या साली उभारली, कोणत्या नियमाने उभारली आणि त्यानंतर तिची तपासणी कधी झाली, ही माहिती शेजारच्या वस्तीला सहज मिळायला हवी. गडाच्या तटबंदीचा काळ ठरवण्यासाठी आपण शिलालेख शोधतो. वस्तीलगतच्या टाकीचे साल विचारणे हेही इतिहासाचेच काम आहे, आणि ते आग लागण्यापूर्वी करायचे आहे.