फी माफ, खर्च कायम

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधली दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम 17 म्हणते, किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि सहायक साधने मोफत द्यावीत. मात्र वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. कलम 32 त्याच विद्यार्थ्यासाठी शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवते. आपल्याकडे बारावी होते ती साधारण अठराव्या वर्षी. म्हणजे विद्यापीठात जागा मिळण्याची वेळ येते तेव्हाच साधनांची हमी संपते. पुढे उरते ती शिष्यवृत्ती, आणि तीही कायद्याच्या भाषेत ‘योग्य प्रकरणी’.

केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत सगळे मिळून देशभरासाठी 17 हजार जागा आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले होते, हे लक्षात घेतले की या तरतुदीचा जीव किती ते कळते. त्यातही पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. तीन लाख मिळवणारे कुटुंब या योजनेच्या लेखी सुस्थितीत आहे.

उत्पन्नाच्या दाखल्यावर घरात किती पैसे येतात तेवढेच लिहिलेले असते. अपंगत्वापायी किती जातात याला तिथे रकाना नाही. अमर्त्य सेन यांनी ‘दि आयडिया ऑफ जस्टिस’ या ग्रंथात नेमके याच फरकावर बोट ठेवले आहे. अपंगत्वामुळे कमाई घटते ही एक अडचण. तेवढ्याच कमाईत इतरांसारखे जगता येत नाही, ही दुसरी. त्यांनी दिलेल्या ब्रिटनमधील आकडेवारीनुसार, घरात अपंग व्यक्ती असलेल्या कुटुंबांत नुसत्या उत्पन्नावरून दारिद्र्याचे प्रमाण 23.1 टक्के दिसते. दुसरी अडचण हिशेबात धरली की ते 47.4 टक्क्यांवर जाते. आपली उत्पन्नमर्यादा फक्त पहिली अडचण ओळखते.

हा दुसरा खर्च कशाकशाचा असतो? एम.ए. करणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थिनीचे उदाहरण घेऊ. मोबाइलमधले वाचक सॉफ्टवेअर फुकट मिळते. पण विभागाने पाठवलेल्या नोट्स म्हणजे झेरॉक्सचे फोटो जोडून केलेली पीडीएफ. त्यात सॉफ्टवेअरला वाचण्यासारखे एक अक्षरही नसते. मग कुणाकडून तरी ती पाने टाइप करून घ्यायची, जोडाक्षरांच्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे मोजायचे. परीक्षा आली की लेखनिक शोधायचा. तो स्वतः आणला तर नियमाप्रमाणे त्याचे शिक्षण तिच्यापेक्षा कमी हवे, आणि त्याचा जाण्यायेण्याचा खर्च बहुधा तिच्याच पर्समधून जातो. व्हीलचेअरवरच्या मुलाला बस चालत नाही. त्याची रिक्षा रोजची, दोन्ही वेळची. यातले काहीही फीच्या पावतीवर दिसत नाही. त्यामुळे फी माफ झाली की मदत पोचली, असा समज करून घेणे व्यवस्थेला सोपे जाते.

शिवाय हे खर्च जूनपासून सुरू होतात. शिष्यवृत्तीची वाट उत्पन्नाचा दाखला, यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र, महाविद्यालयाची पडताळणी आणि आधारशी जोडलेले बँक खाते अशी जाते. एक कागद अडला की सत्र संपते, पैसे येत नाहीत. उशिरा आलेल्या पैशातून कर्ज फिटेल. बुडालेले सत्र परत मिळत नाही.

खरा धोका पुढेच आहे. 5 टक्के आरक्षणाचे बंधन विनाअनुदानित संस्थांवर नाही, आणि उच्च शिक्षणाचा विस्तार तर मुख्यत्वे तिकडेच होतो आहे. कायदा तसाच राहील, त्याच्या कक्षेतला हिस्सा मात्र आकसत जाईल. दुसरीकडे, राखीव जागा परवडत नाहीत म्हणून रिकाम्या राहिल्या, तर उद्या हीच रिकामी बाके पुरावा म्हणून पुढे केली जातील: विद्यार्थीच येत नाहीत, मग तरतूद कशाला? मदतीच्या अभावी गळालेला विद्यार्थी अशा रीतीने मदत नाकारण्याचे कारण ठरेल.

यावरचा उपाय अगदीच अनोळखी नाही. इंग्लंडमधला दिव्यांग विद्यार्थी भत्ता घरच्या उत्पन्नावर अवलंबून नसतो आणि फेडावाही लागत नाही. विद्यार्थ्याच्या गरजेचे मूल्यमापन होते आणि साधने, सहायक, जादा प्रवास यांचा खर्च त्यातून भागतो. तिथेही काटछाट झाली, संगणकाचे पहिले 200 पौंड विद्यार्थ्यालाच भरावे लागू लागले; तरी तत्त्व टिकून आहे. अपंगत्वामुळे येणारा जादा खर्च हा गरिबीपेक्षा वेगळा प्रश्न मानला जातो.

आपल्याकडे किमान तीन गोष्टी व्हायला हव्यात. कलम 17 मधली अठरा वर्षांची अट पदवी पूर्ण होईपर्यंत वाढवावी. अपंगत्वाच्या खर्चासाठीचा भत्ता उत्पन्नमर्यादेतून सोडवून सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा. आणि किती जागा राखल्या यासोबत प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली, हा आकडा प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावा. तो आकडा नसेल, तर रिकाम्या बाकांचा अर्थ लावण्याचे काम आपोआप खर्च वाचवू पाहणाऱ्यांच्या हाती जाईल.