जमिनीचे कागद काय सांगतात : अँथनी जॉन्सन आणि ‘पहिला गुलाममालक’ ही थाप

१.
समाजमाध्यमांवर एक वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे : अमेरिकेतला पहिला गुलाममालक काळा होता आणि त्याचे नाव अँथनी जॉन्सन. सोबत कोट घातलेल्या एका कृष्णवर्णी गृहस्थाचे छायाचित्र जोडलेले असते. वाक्य खोटे आहे आणि छायाचित्रही खोटे आहे. या शेतकऱ्याच्या जमिनीचे कागद क्रमाने वाचले की हा खोटेपणा उघडा पडतो. त्या कागदांचा हा थ्रेड.

२.
प्रथम छायाचित्र. जॉन्सन १६७० मध्ये वारला. छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. एवढी वजाबाकी करण्याचे कष्ट ज्यांनी घेतले नाहीत, त्यांनी सतराव्या शतकातली न्यायालयीन दप्तरे चाळली असतील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

३.
आता माणूस. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत १६२५ मध्ये शिरगणती झाली. तीत ‘अँटोनियो, एक निग्रो’ अशी नोंद सापडते. ‘जेम्स’ नावाच्या जहाजाने तो १६२१ मध्ये आला. आडनाव नाही, गाव नाही, वय नाही. ‘अँटोनियो’ हे नावही पोर्तुगीज वळणाचे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या गुलामव्यापाराचा जो पसारा होता, त्याचा हा शिक्का.

४.
तंबाखूच्या ज्या मळ्यावर त्याला कामाला लावले, तो बेनेट कुटुंबाचा. २२ मार्च १६२२ रोजी पॉव्हॅटन लोकांनी इंग्रज वस्त्यांवर एकाच दिवशी हल्ले केले आणि वसाहतीतली ३४७ माणसे मारली गेली. एकट्या बेनेटच्या मळ्यावर पन्नासच्या आसपास माणसे पडली. वाचलेल्या मोजक्यांत अँटोनियो होता. त्याच वर्षी ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजाने मेरी नावाची आफ्रिकी स्त्री तेथे आली. पुढे तिच्याशीच त्याचा संसार झाला.

५.
नंतरच्या दशकांत केव्हातरी दोघेही मुक्त झाले. चेसापीक उपसागराच्या पूर्वेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तेथील नॉर्दॅम्प्टन काउंटीत त्यांनी घर केले. अँटोनियोचा अँथनी जॉन्सन झाला. या काउंटीच्या न्यायालयाचे दप्तर १६३२ पासून सलग टिकून आहे. त्यामुळेच एका कृष्णवर्णी शेतकऱ्याचे आयुष्य आज वर्षवार मांडता येते.

६.
जुलै १६५१ मध्ये त्याला २५० एकरांची सनद मिळाली. जमीन नासवाडॉक्स खाडीलगतची होती. इथे एक गोष्ट नजरेतून निसटता कामा नये. इंग्रजी कागदावरचे हे खाडीचे नाव मूळ रहिवाशांच्या भाषेतले आहे. सनद म्हणजे त्या जमिनीचा आरंभ, असे मानणाऱ्याने पहिल्याच ओळीत आधीच्या धन्याचे नाव खोडलेले असते.

७.
सनद मिळाली कशी? व्हर्जिनियात ‘हेडराइट’ नावाची पद्धत होती. कोणाही माणसाच्या प्रवासाचा खर्च जो भरेल, त्याला त्या माणसामागे ५० एकर. जॉन्सनच्या सनदेत पाच नावे आहेत. पाच गुणिले पन्नास, म्हणजे अडीचशे. खोट्या पोस्टी इथूनच सुरू होतात : पाच नावे दिसली, म्हणजे त्याच्याकडे पाच गुलाम होते!

८.
हा निष्कर्ष टिकत नाही. हेडराइटचे दाखले बाजारात विकले आणि विकत घेतले जात. यादीतली माणसे कधी दुसऱ्याच जमीनदाराकडे राबलेली असत. जॉन्सनच्या यादीतले एक नाव रिचर्ड जॉन्सन असे आहे आणि त्याच्या धाकट्या मुलाचे नावही तेच. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तोच कसणारा असतो असे नाही, हे मराठी वाचकाला वेगळे शिकवावे लागत नाही. हेडराइटची यादी वाचताना तीच सावधगिरी हवी.

९.
पुढल्याच वर्षी थोरला मुलगा जॉन याला शेजारचे ५५० एकर मिळाले आणि १६५४ मध्ये रिचर्डला १००. बापलेकांचे मिळून ९०० एकर झाले. साखळदंडांत आलेल्या माणसाने तीस-बत्तीस वर्षांत इथवर मजल मारली. या कर्तृत्वाला दाद द्यावी. मात्र ज्या पद्धतीने ही जमीन मिळाली, तिच्यात माणसामागे एकर मोजले जात होते आणि पकडून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या नावावरही गोरे मळेवाले जमीन उचलत होते, हेही विसरू नये.

१०.
१६५३ च्या सुरुवातीला मळ्यावर आग लागली आणि मोठे नुकसान झाले. न्यायालयाने मेरीची व दोन मुलींची डोईपट्टी आजन्म माफ केली. ही सवलत साधी नव्हती. १६४३ च्या कायद्याने आफ्रिकी स्त्रियांवर डोईपट्टी बसली होती; इंग्रज स्त्रियांवर ती नव्हती. म्हणजे या एका घरातल्या स्त्रियांना न्यायालयाने इंग्रज स्त्रियांच्या पंक्तीला बसवले. निकालात या कुटुंबाच्या कष्टांचा आणि तीस वर्षांच्या वास्तव्याचा उल्लेख आहे.

११.
आता तो वादग्रस्त खटला. जॉन्सनकडे जॉन कॅसॉर नावाचा आफ्रिकी माणूस राबत होता. कॅसॉरचे म्हणणे असे : आपण सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, मुदत संपून वर आणखी सात वर्षे उलटली, तरी सुटका नाही. जॉन्सनचे म्हणणे : करार वगैरे काही नाही, हा जन्मभरासाठी माझा आहे. शेजारचे गोरे मळेवाले रॉबर्ट व जॉर्ज पार्कर यांनी कॅसॉरची बाजू घेतली.

१२.
जॉन्सनची बायको, मुले आणि जावई यांनी समजूत घातल्यावर त्याने कॅसॉरला सोडले. कॅसॉर रॉबर्ट पार्करकडे कामाला गेला. मग जॉन्सनने विचार बदलला आणि पार्करवर दावा लावला. ८ मार्च १६५५ रोजी न्यायालयाने कॅसॉरला जॉन्सनच्या ताब्यात परत दिले आणि दाव्याचा खर्च पार्करवर लादला.

१३.
काही ठिकाणी या निकालाचे साल १६५४ दिलेले आढळते. दोन्ही सालांत विरोध नाही. इंग्रजांचे कायदेशीर नववर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई. म्हणून मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतला कागद जुन्या सालाचा असतो. सतराव्या शतकातला इंग्रजी कागद हाती घेणाऱ्याला एवढा हिशेब यायलाच हवा.

१४.
तर मग ‘पहिला’ कोण? १६१९ मध्ये वीसहून काही अधिक आफ्रिकी माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. जॉन रॉल्फच्या पत्रानुसार, वसाहतीचा गव्हर्नर आणि तिचा प्रमुख व्यापारी यांनी त्यांना अन्नसामग्रीच्या मोबदल्यात विकत घेतले. माणसे विकत घेणारे हे दोघे इंग्रज होते आणि जॉन्सनने या भूमीवर पाऊल ठेवायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

१५.
१६४० मध्ये ह्यू ग्विन याच्या मळ्यातून तीन नोकर पळाले आणि पकडले गेले. एक डच, एक स्कॉट आणि तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. अपराध एकच. दोघा गोऱ्यांची मुदत चार-चार वर्षांनी वाढवली गेली. पंचला मात्र मरेपर्यंत सेवेची शिक्षा झाली. कॅसॉरच्या निकालाआधी हे पंधरा वर्षे घडले आणि निकाल दिला तो वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाने. पुढल्याच वर्षी, १६४१ मध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या संहितेने गुलामीला लेखी मान्यता दिली.

१६.
इथे प्रतिपक्ष एक पाऊल मागे घेतो : पंचची ती शिक्षा होती, अपराध नसताना जन्मभर गुलाम ठरवलेला पहिला ज्ञात माणूस कॅसॉरच ना? या भागातील दिवाणी खटल्यांपुरते हे विधान खरे आहे. पण ‘एका विशिष्ट प्रकारच्या खटल्यातला पहिला ज्ञात निकाल’ आणि ‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर चोरून पुसले की इतिहासाचा प्रचार होतो.

१७.
जॉन्सनला निर्दोष ठरवण्याची धडपडही तितकीच व्यर्थ. त्याने कॅसॉरला आश्रय दिला असेल, नात्यागोत्यातले म्हणून ठेवले असेल, अशा कल्पनांना कागदांत लेशमात्र आधार नाही. स्वतः बंधनात राबलेल्या माणसाने दुसऱ्याला बंधनात ठेवले. ही गोष्ट कटू आहे आणि ती कटूच राहू द्यावी. पूर्वजाला धुऊन काढणे किंवा त्याच्यावर सगळ्या समाजाचे पाप लादणे, ही दोन्ही कामे वकिलाची, इतिहासाची नव्हेत.

१८.
खोट्या पोस्टी १६५५ पाशी थांबतात. जमिनीचे कागद पुढे चालू राहतात. १६६५ च्या सुमारास अँथनीने २०० एकर विकले, ५० एकर रिचर्डकडे ठेवले आणि कुटुंब उत्तरेला मेरीलँड वसाहतीत गेले. तेथे सॉमरसेट काउंटीत त्याने ३०० एकर भाडेपट्ट्याने घेतले. त्या मळ्याचे नाव ‘टोनीज व्हिनयार्ड’. म्हातारपणी त्याने पुन्हा नव्याने मांड मांडली.

१९.
व्हर्जिनियाची विधानसभा या काळात काय करत होती? १६६२ : मूल गुलाम की मुक्त, हे आईवरून ठरेल. १६६७ : बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटणार नाही. १६६९ : शिक्षा करताना गुलाम मेला, तर मालकावर खुनाचा गुन्हा नाही. १६७० : मुक्त निग्रो वा इंडियन यांना ख्रिस्ती नोकर विकत घेता येणार नाही. १७०५ मध्ये हे सारे एका संहितेत बांधले गेले.

२०.
हे कायदे गोऱ्या जमीनदारांच्या सभेने केले. गुलामी ही एका शेतकऱ्याच्या दाव्यातून उगवलेली वस्तू नव्हती. ती कलमामागून कलम रचत उभी केलेली व्यवस्था होती. १६७० चे कलम तर जॉन्सनसारख्या मुक्त माणसांची वाट अडवण्यासाठीच होते. ज्याला या व्यवस्थेचा जनक म्हणून नाचवले जाते, तो तिच्या दारातही उभा राहू शकत नव्हता.

२१.
आणि मग १६७० चा तो कागद. अँथनी वारल्यावर रिचर्डकडे ठेवलेल्या ५० एकरांचा प्रश्न व्हर्जिनियात पंचांपुढे आला. त्यांनी ठरवले : अँथनी जॉन्सन निग्रो होता, म्हणून परका होता, सबब जमीन सरकारजमा. ज्याच्या सनदेवर वसाहतीचा शिक्का होता, ज्याच्या घरातल्या स्त्रियांना न्यायालयाने पट्टी माफ केली होती आणि ज्याच्या बाजूने दावा निकाली निघाला होता, तो मेल्यावर परका ठरला.

२२.
पंधरा वर्षांच्या अंतराने केलेले हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचावेत. एका कागदात कृष्णवर्णी मालकाचा हक्क मान्य होतो, कारण त्याच्या समोर आणखी दुबळा कृष्णवर्णी माणूस उभा आहे. दुसऱ्यात त्याच मालकाचा हक्क त्याच्या वर्णासाठी नाकारला जातो. पहिला कागद मिरवणारे लोक दुसरा कधीच दाखवत नाहीत, कारण दुसरा दाखवला की पहिल्याचा अर्थ बदलतो.

२३.
जॉन्सन कुटुंब तेवढ्याने मोडले नाही. मेरीने नातवंडांच्या नावे गुरे ठेवली. १६७७ मध्ये नातू जॉन याने मेरीलँडमध्ये ४४ एकर विकत घेतले आणि त्या जमिनीला नाव दिले ‘अंगोला’. आजोबांना शिरगणतीत गाव लिहून मिळाले नव्हते. नातवाने गावाऐवजी एका अख्ख्या देशाची आठवण खरेदीखतावर नोंदवली.

२४.
पूर्वजांचा शोध घेणाऱ्या तरुण अभ्यासकांना यातून एक शिस्त घेता येईल. एक कागद म्हणजे पुरावा नव्हे. कागदांची साखळी म्हणजे पुरावा. सनद, पट्टीची यादी, दावा, विक्री, भाडेपट्टा, मृत्युपत्र आणि जप्ती या सगळ्यांतून एकच नाव मागे-पुढे न्यावे. जमीन कोणाकडून आली, कोणाच्या श्रमावर पिकली आणि शेवटी कोणाकडे गेली, हे तीन प्रश्न प्रत्येक एकराला विचारावेत.

२५.
‘पहिला गुलाममालक काळा होता’ हे वाक्य पसरवणाऱ्यांना अँथनी जॉन्सनशी काही देणेघेणे नाही. त्यांना हवी असते ती सुटका : सगळेच तसे होते, म्हणून जबाबदार कोणीच नाही. नॉर्दॅम्प्टनचे दप्तर ही सुटका देत नाही. तिथे निवाडे करणारे कोण होते हे लिहिलेले आहे, आणि त्या ५० एकरांचे काय झाले हेही.