शिबिरानंतरची परीक्षा

दोन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात विचारलं गेलं, "कोणासमोर बोलायला घाबरता?" बाकीच्यांनी साहेब, मुलाखत, स्टेज असं लिहिलं. मी लिहिलं, अब्बा.

पुढे महिनाभर कोचिंग घेतलं. आरशासमोर बोलणं, समोरच्याचं पूर्ण ऐकून मग उत्तर देणं. उपयोग झाला, खोटं का बोलू? पण "सगळं तुमच्या मानसिकतेवर असतं" हे पटलं नाही. आपलं नाव ऐकून खोली नाकारणाऱ्या घरमालकाची मानसिकता मी कशी बदलणार?

मात्र धाकट्या बहिणीचं शिक्षण बारावीनंतर थांबवायचं ठरलं, तेव्हा गप्प बसलो तो मीच. तिथे घरमालक आडवा आला नव्हता. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध हमीद दलवाईंसोबत मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेणाऱ्या सात मुस्लिम महिलांना कुठल्या कोचने धीर दिला होता? शिबिरं जरूर करा मित्रांनो, पण तिथे कमावलेला आत्मविश्वास फक्त नोकरीच्या मुलाखतीसाठी राखून ठेवू नका.

गेल्या रविवारी जेवताना मी बहिणीचा विषय काढला. अब्बा ताटावरून उठले. अम्मीने हळूच विचारलं, "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"