टायरची जबानी

ज्या पट्ट्यात आकुर्डी-पिंपरीपासून चाकणपर्यंत वाहने घडतात, चाकणलाच ब्रिजस्टोनच्या कारखान्यात टायर तयार होतात आणि भोसरीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टमध्ये १९६७ सालापासून रस्ते-वाहतुकीचा शास्त्रशुद्ध अभ्यास चालतो, त्याच पट्ट्यातील रावेतसारख्या नव्या वस्तीत राहणारा सुशिक्षित मोटारमालक गाडीची काच रोज पुसून घेतो, परंतु टायरच्या आतल्या कडेकडे वर्षातून एकदाही वाकून पाहत नाही, ही विसंगती मला दीर्घकाळ खटकत आली आहे.

‘गाडी टायर खाते’ असे गॅरेजमध्ये म्हणतात, आणि त्यावरचा रूढ उपाय म्हणजे खाल्लेला टायर काढून नवा बसविणे. मीही तेच केले होते. मात्र वर्ष उलटण्यापूर्वीच पुढच्या दोन्ही नव्या टायरांच्या आतल्या कडा गुळगुळीत झालेल्या पाहिल्या, तेव्हा चौकशीपूर्वीच आपण मुद्देमालाची विल्हेवाट लावल्याचे माझ्या ध्यानात आले.

वस्तुतः असमान झिजलेला टायर ही गाडीने स्वतःच्या प्रकृतीविषयी दिलेली जबानीच होय, आणि ती वाचण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत राहिला, तर हवा बरेच दिवस कमी होती. मध्यच झिजला, तर ती जास्त होती. एकच कड खाल्ली गेली, तर चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, किंवा चाकाच्या आत-बाहेर वळण्याचा कोन, म्हणजे टो, बिघडल्याचा संशय घ्यावा. नक्षीवरून तळवा आडवा फिरविताना जाताना मऊ आणि येताना करवतीसारखे दाते लागले, तर दोष बहुधा टोचाच. चाक सरळ लोळण्याऐवजी किंचित तिरपे फरफटत असते. ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉकअब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग गेले आहे.

माझा आक्षेप आहे तो उपायांच्या क्रमाविषयी. टायर झिजला की तडक अलाइनमेंटचा हुकूम सोडण्याचा प्रघात पडला आहे. परंतु बॉल जॉइंट, टाय रॉड किंवा बुश ढिले असताना यंत्रावर जुळविलेले कोन दोन-चार खड्ड्यांपलीकडे टिकत नाहीत. म्हणून प्रथम, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरील अंकाप्रमाणे हवा भरावी. मग चाक उचलून सांध्यांतला खुळखुळा पाहावा. मग बॅलन्सिंग, आणि सर्वांत शेवटी अलाइनमेंट, तेही आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घेऊन. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढणे, वळणे आणि थांबणे यांचा मुख्य भार पुढच्याच टायरांवर पडत असल्याने दर आठ-दहा हजार किलोमीटरांनी पुढच्या-मागच्या टायरांची आपसांत अदलाबदल करून घ्यावी.

कसूर एकट्या मालकाची नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर ठरवून दिलेली असता, मनास येईल तेथे उभारलेले आखूड, उभट उंचवटे गाडीच्या सांध्यांना रोज हादरे देतात. त्याचा जाब नगरप्रशासनास विचारलाच पाहिजे. तथापि त्या फिर्यादीचा निकाल लागेपर्यंत चाक आपलेच आहे.

कायदा मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर मागतो, आणि २०२३ साली समृद्धी महामार्गावर परिवहन खात्याने टायरांची तपासणीही सुरू केली. पण रावेतकराच्या दाराशी, किवळ्याला, द्रुतगती महामार्ग सुरू होतो, आणि तेथे ताशी शंभराच्या वेगाने निघण्यापूर्वी ही तपासणी त्याने स्वतःच करावयाची आहे. बाहेरून धडधाकट दिसणारा टायर आतल्या कडेला उघडा पडलेला असू शकतो. गाडी उभी करून स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवावे, म्हणजे ती लपलेली कड समोर येते. एवढे करण्यास दोन मिनिटे पुरतात.